कॅलेंडरवरच्या फुल्या

डोंबिवलीत दवाखान्यात येणारा पेशंट नुसतं ‘डोकं दुखतंय’ असं कधी म्हणत नाही. कारण तो सोबत घेऊनच येतो. ‘पित्ताचं डोकं आहे’, ‘मला सायनस आहे’, ‘चष्म्याचा नंबर वाढला असणार’, ‘मानेचा मणका आहे हो’. डॉक्टरने त्या कारणाला साजेशी गोळी तेवढी लिहायची. स्टेशनच्या पूर्वेला माझी जनरल प्रॅक्टिस आहे. ताप, खोकला, शुगर, बीपी, पोरांचे जुलाब हेच मुख्य काम. पण संध्याकाळी लोकलमधून उतरून, घरी जायच्या आधी, खांद्यावरची पर्सही न उतरवता समोर बसणाऱ्या बायकांमध्ये डोकेदुखीवाल्या फार. त्यातल्या बऱ्याचजणींना अर्धशिशी, म्हणजे मायग्रेन, असते, आणि ती आहे हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

पित्ताचा समज सर्वांत चिवट. उलटी झाली की डोकं उतरतं, म्हणजे पित्तच, हा हिशेब ऐकायला अगदी चोख वाटतो. प्रत्यक्षात मायग्रेनच्या झटक्यात पोटाचं काम मंदावतं, मळमळतं, उलटी होते. पोट बिघडणं हाही त्या झटक्याचाच एक भाग. तरी वर्षानुवर्षं सकाळी अनशापोटी पॅन्टोप्राझोल घेणाऱ्या आणि महिन्यातून चारदा अंधार करून झोपणाऱ्या कितीतरी काकू मी पाहते. सायनसचंही तेच. अमेरिकेत २००४ साली एका अभ्यासात ‘मला सायनसची डोकेदुखी आहे’ असं सांगणारे किंवा डॉक्टरांनी तसं सांगितलेले २,९९१ लोक तपासले, तर त्यातल्या ८८ टक्क्यांची लक्षणं मायग्रेनची निघाली. आपल्याकडे चित्र वेगळं असेल असं माझ्या टेबलाच्या अलीकडून तरी वाटत नाही. शेजारच्या कर्नाटकातली पाहणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात दर चार प्रौढांमागे साधारण एकाला वर्षभरात मायग्रेन झालेला आढळला.

याचं निदान ना रक्तात सापडतं ना एमआरआयमध्ये. ते विचारपूस करूनच करावं लागतं. दुखणं ४ ते ७२ तास टिकतं का, एका बाजूला ठणकतं का, जिना चढलं की वाढतं का, उजेड-आवाज नकोसा होतो का, मळमळतं का. (डोकं एका क्षणात फुटल्यासारखं दुखलं, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच असं काही सुरू झालं, सोबत ताप आणि मान आखडली, बोलणं अडखळलं किंवा हात-पाय लुळे पडले, तर यातलं काहीही विचारत न बसता मी थेट मोठ्या हॉस्पिटलला पाठवते. तो विषय वेगळा.)

निदान सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला. ‘मग काय बंद करू?’

हल्ली बरेचजण उत्तरही फोनवर आणतात. चीज, रेड वाइन, चॉकलेट, मुरवलेलं मांस. बँकेत नोकरी करणाऱ्या एक बाई मोठ्या निश्चयाने म्हणाल्या, ‘मॅडम, मी चीज कायमचं सोडलंय.’ आधी किती खात होता, विचारलं, तर मुलाच्या वाढदिवसाच्या पिझ्झावर असेल तेवढं. वाइन त्यांनी जन्मात घेतली नव्हती. सकाळी पाचला उठून चहा, मग तिघांचे डबे, सातच्या सुमाराची लोकल, आणि पोटात पहिला घास पडायचा तो दुपारी एक वाजता. या सगळ्याचा त्या यादीत उल्लेख नव्हता, म्हणून त्यांच्याही बोलण्यात तो आला नाही.

डोकेदुखीची डायरी ठेवा असं पुस्तकं सांगतात. मीही सुरुवातीला छापील तक्ते देत असे. वेळ, तीव्रता दहापैकी किती, काय खाल्लं, किती झोपलात. ते तक्ते पर्समध्ये घडी होऊन राहत आणि पुढच्या भेटीत, माझ्यासमोर बसून, घाईघाईने भरले जात. मग मी तो नाद सोडला आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरकडे वळले. १९७३ पासून मराठी घरात कालनिर्णय खिळ्याला टांगलेलं असतं. दुधाचा खाडा, गॅसचा नंबर, बाई आली नाही, सगळं त्याच्यावरच लिहिलेलं. त्याच चौकोनात डोकं दुखलं की फुली, गोळी घेतली की ‘ग’, पाळी आली की गोल. बस्स. महिना संपला की पान फाडून आणायचं, किंवा मोबाइलवर फोटो काढून आणायचा.

या कॅलेंडरची गंमत अशी की निम्मी माहिती आधीच छापलेली असते. एकादशी, संकष्टी, चंद्रोदयाची वेळ, प्रदोष, अमावास्या. तीन महिन्यांची पानं शेजारी शेजारी मांडली की काही फुल्या डोळ्यांत भरतात. एका शिक्षिकेच्या फुल्या एकसारख्या संकष्टीच्या चौकोनात, नाहीतर लगेच पुढच्या. त्यांना त्याचं नवल वाटलं नाही. ‘उपासाने पित्त होतंच ना,’ म्हणाल्या. संकष्टी म्हणजे रात्री साडेआठ, नऊ, कधी त्याहूनही उशिरा चंद्र दिसेपर्यंत साबुदाण्याच्या चार घासांवर काढलेला दिवस, आणि त्यात शाळेचे सात तास. उपास आणि डोकेदुखीचं नातं काही आपल्याच धर्माचं नाही. इस्रायलमध्ये योम किप्पूरच्या उपासाचा अभ्यास १९९५ साली छापून आला. दिवसभराचा कडक उपास करणाऱ्या हॉस्पिटल कर्मचाऱ्यांत ३९ टक्क्यांचं डोकं दुखलं, न करणाऱ्यांत ७ टक्क्यांचं. रमजानच्या पहिल्या रोज्याच्या डोकेदुखीवरही डॉक्टरांनी लिहिलं आहे. माझ्याकडे येणाऱ्या मुस्लिम बायकांना त्यासाठी अभ्यास वाचावा लागत नाही.

भाद्रपद आला की मी कॅलेंडरची पानं पाहण्याआधीच ओळखते. हरतालिका, गणेश चतुर्थी, ऋषिपंचमी, लागोपाठ तीन दिवस. पहिल्या दिवशी निर्जळी उपास, म्हणजे अन्न नाही, पाणी नाही आणि ज्याची कोणी मोजदाद करत नाही तो चहाही नाही. रोज चार-पाच कप चहा पिणाऱ्या बाईचा चहा एकदम तुटला की बारा ते चोवीस तासांत डोकं धरू शकतं, ते कॅफिनचं येणं असतं. त्यावर रात्रीचं जागरण. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून सोवळ्यातला स्वयंपाक, मोदकांच्या उकडीची वाफ, धूप, कापूर, आरतीच्या झांजा, गल्लीतला ढोल. जेवण आधी पाहुण्यांचं, मग पुरुषांचं, मग मुलांचं. तिसऱ्या दिवशी पुन्हा उपासच, बैलाच्या श्रमाचं न खाण्याचा. या तीन दिवसांत डोकं दुखलं तर बाई सांगते, ‘धुपाच्या वासाने उठलं.’ वासाने उठलंही असेल. पण लोकलच्या डब्यात जो दिवा स्टेशनला शेवटी चढतो त्यालाच सगळे शिव्या घालतात. डबा तर कल्याणला आणि डोंबिवलीलाच भरून गेलेला असतो.

म्हणून मी एकेक कारण पकडण्याच्या मागे फारशी लागत नाही. भूक एकटी असली तर बहुतेकींना निभते. भूक, अपुरी झोप आणि पाळीच्या आधीचे दोन दिवस एकत्र आले तर निभत नाही. पाळीच्या वेळी इस्ट्रोजेन उतरतं ते काही आपल्या हातात नाही. दोन दिवस आधीपासून तिसऱ्या दिवसापर्यंतचा तो टप्पा कॅलेंडरवर आधीच अंदाजाने आखता येतो, आणि त्या चार-पाच दिवसांत बाकीची ओझी हलकी ठेवता येतात. सत्यनारायणासाठी, लग्नासाठी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणल्या जातात. त्या बंद केल्यावर येणाऱ्या पाळीत काहींचं डोकं नेहमीपेक्षा वाईट दुखलेलं मी पाहिलं आहे. आणखी एक प्रश्न मी कधी चुकवत नाही. दुखण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी चकाकणाऱ्या रेषा येतात का, हाताला मुंग्या येतात का? तसं असेल तर इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या त्या बाईने घेऊ नयेत, कारण मेंदूच्या झटक्याचा धोका वाढतो. हे ऐकून ‘एवढी वर्षं घेते, कोणी विचारलंच नाही’ म्हणणाऱ्याही असतात.

कॅलेंडरवर फुली पडते ती दुखायला लागल्यावर. झटका मात्र त्याच्या आधीच सुरू झालेला असतो. जर्मनीत एका मायग्रेनच्या रुग्ण बाईने सलग तीस दिवस रोज मेंदूचं स्कॅनिंग करून घेतलं. २०१६ मध्ये ते काम प्रसिद्ध झालं. दुखणं सुरू व्हायच्या चोवीस तास आधीच हायपोथॅलॅमसचं काम बदललेलं दिसलं. भूक, तहान, झोप यांचा कारभार पाहणारा मेंदूचा हाच भाग. हे वाचल्यावर मला माझ्या पेशंटांची कितीतरी वाक्यं नव्याने ऐकू आली. ‘आदल्या दिवशी सारख्या जांभया येतात.’ ‘मान भरून येते.’ ‘काहीतरी गोड खावंसंच वाटतं.’ बिचारं चॉकलेट इथेच बदनाम झालं असणार. झटक्याच्या पूर्वसूचनेतच गोडाची ओढ लागते, माणूस चॉकलेट खातो, काही तासांनी डोकं दुखतं, आणि आरोप चॉकलेटवर. १९९७ साली ६३ बायकांना चॉकलेट किंवा तशाच चवीचा दुसरा पदार्थ, कोणता ते न सांगता, खायला दिला. चॉकलेटने डोकेदुखी जास्त उठली नाही. उजेडाचंही काहीसं तसंच. कोपनहेगनच्या डॉक्टरांनी, ‘प्रखर उजेडाने किंवा दमछाकीने आमचं हमखास उठतं’ असं सांगणाऱ्या २७ जणांना मुद्दाम तशा उजेडात बसवलं, पळायला लावलं. डोळ्यांपुढच्या रेषांसह झटका आला तो फक्त तिघांना.

याचा अर्थ उन्हाची तिरीप सोसत फिरावं असा नाही. मे महिन्यात दुपारी रिक्षाच्या रांगेत उभं राहून आलेल्यांची डोकी मी रोज पाहते, आणि टोपी, गॉगल, पाण्याची बाटली हे आग्रहाने सांगते. पण ‘उन्हात जाणं बंद, चॉकलेट बंद, दही बंद, केळं बंद, अत्तर बंद, सिनेमा बंद’ अशी यादी वाढवत नेणाऱ्या पेशंटची मला काळजी वाटते. एक कॉलेजातली मुलगी आईबरोबर यायची. आई यादी वाचून दाखवायची आणि मुलगी मान खाली घालून बसायची. तिच्या आयुष्यात सोडण्यासारखं काही उरलं नव्हतं आणि फुल्या तेवढ्याच होत्या. रविवारी ती साडेअकराला उठायची, एरवी सहाला. जास्तीत जास्त फुल्या रविवारच्या. मी यादीतलं सगळं परत सुरू करायला सांगितलं आणि रविवारी आठला उठवायला. आईला ते औषध वाटलंच नाही.

काही गोष्टींवर मात्र पेशंट बरोबर असतात आणि पुस्तकं मागाहून येतात. ‘न्हायल्यावर डोकं धरतं’ ही तक्रार आपल्याकडच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या. परदेशी पुस्तकांतल्या कारणांत डोक्यावरून न्हाणं नव्हतं, म्हणून डॉक्टर लोक हसून सोडून देत. मुंबईचे डोकेदुखीतज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी २००६ मध्ये अशा ९४ भारतीय रुग्णांची निरीक्षणं आंतरराष्ट्रीय नियतकालिकात मांडली, तेव्हा ती तक्रार कागदावर आली. लांब, दाट, ओले केस तसेच बांधून लोकल पकडणाऱ्या बाईला ‘न्हाऊ नका’ म्हणण्यात अर्थ नाही. मी दिवस बदलायला सांगते. उपासाच्या दिवशी नको, पाळीच्या ऐन दिवसांत शक्यतो नको. सुट्टीच्या दिवशी, काहीतरी खाऊन झाल्यावर, केस वाळवायला वेळ असेल तेव्हा. सणाच्या दिवशी पहाटे उपाशीपोटी डोक्यावरून न्हायचं असा ज्या घरात रिवाज आहे, तिथे हेही भांडण होतं.

पहाटे सूर्य उगवायच्या आत दूध-जिलेबी खायची, हा अर्धशिशीवरचा जुना उपाय अजून पुष्कळजण करतात. शुगर नसेल तर मी हसत नाही. रात्रभर रिकाम्या असलेल्या पोटात त्या निमित्ताने वेळेवर काहीतरी पडतं. मी फक्त जिलेबीच्या जागी पोळी-भाजी सुचवते, ते कुणाला आवडत नाही.

वासाचं काय करायचं, हे मला अजून नीट सांगता आलेलं नाही. लेडीज डब्यात सकाळी डिओ, मोगऱ्याचा गजरा, डब्यातलं लोणचं, आणि पावसाळ्यात बंद खिडक्यांत ओल्या छत्र्यांचा कुबट वास. घरी मिरचीची फोडणी. कारखान्यांच्या बाजूने वारा आला की हवेतच औषधी, उग्र दर्प. ‘तीव्र वास टाळा’ हे वाक्य डोंबिवलीतल्या माणसाला काय म्हणून सांगायचं? काहीजणी रुमालावर निलगिरीचे दोन थेंब टाकून नाकाशी धरतात, काहींना त्या निलगिरीनेच उठतं. मी खाऊन निघा एवढंच सांगते. तोच वास भरल्या पोटी सोसतो असं बऱ्याचजणी येऊन सांगतात.

आता ‘ग’बद्दल. कॅलेंडरवर फुल्यांपेक्षा ‘ग’ जास्त दिसायला लागले की मी थांबते. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात पंधरा किंवा अधिक दिवस, आणि मिश्रणाच्या गोळ्या किंवा मायग्रेनवरच्या ट्रिप्टान गोळ्या दहा किंवा अधिक दिवस, असं तीन महिन्यांच्या वर चाललं की गोळीच डोकेदुखी टिकवून धरायला लागते. मेडिकलवाला ओळखीचा, पट्टी दहा-वीस रुपयांची, ऑफिसात प्रत्येकीच्या ड्रॉवरमध्ये एक. ‘मॅडम, गोळी घेतली की उठून कामाला लागता येतं.’ याला माझ्याकडे उलट उत्तर नसतं. त्या गोळ्या थांबवायच्या तर पहिले काही दिवस डोकं आणखी दुखणार, आणि ते दिवस रजेचे असावे लागतात. रजा मुलांच्या परीक्षेसाठी राखलेली असते.

या कामात हळूहळू एक लक्षात आलं. वेळेवर खा, वेळेवर झोपा, वेळेवर उठा, हे सांगणं सोपं आहे, पण माझ्यासमोर बसलेल्या बाईची वेळ तिची नसते. ती लोकलची असते, सासऱ्यांच्या चहाची असते, मुलाच्या क्लासची, चंद्राची असते. म्हणून मी सल्ला तोंडी द्यायचं बंद केलं. लेटरहेडवर, औषधांच्या वर, गोळी लिहावी तसं लिहिते. ‘सकाळी ७ च्या आत नाश्ता, रोज. उपास असल्यास दूध व फळ दर ४ तासांनी. झोप रात्री ११ ते ५.’ खाली सही, शिक्का, रजिस्ट्रेशन नंबर. आधी एका बाईनेच ते मागून घेतलं होतं. ‘तोंडी सांगितलेलं घरी पटत नाही, चिठ्ठी द्या.’ तिच्या सासूबाई पुढच्या आठवड्यात स्वतः आल्या. मला वाटलं आता ऐकावं लागणार. त्यांनी ती चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि विचारलं, ‘मलाही तरुणपणी असंच व्हायचं. मला का नाही दिली कोणी?’ मग त्यांनी गुडघ्याचं दाखवलं.

सगळ्यांचं जुळतं असं नाही. तीन महिने फुल्या मारूनही काहींच्या पानांवर काही रचना दिसत नाही, डोकं हवं तेव्हा दुखतं. तेव्हा मी पानं बाजूला ठेवते. महिन्यात चार-पाचांहून अधिक झटके कामाला लोळवत असतील तर रोज घ्यायच्या प्रतिबंधक गोळ्या असतात. प्रोप्रानोलॉल, अमिट्रिप्टिलीन, फ्लुनारिझिन, टोपिरामेट. दमा असलेल्याला पहिली देत नाही, वजनाची चिंता असलेल्याला दुसरी-तिसरी विचार करून देते, दिवस जायची शक्यता असलेल्या बाईला चौथी देत नाही. न जमलं तर न्यूरॉलॉजिस्ट आहेतच.

ऐरोलीच्या एका कॉल सेंटरमध्ये काम करणारा मुलगा सध्या माझ्याकडे येतो. कॅलेंडर नव्हतं, त्याने फोनमध्ये फुल्या मारल्या. त्याची पाळी दर आठवड्याला बदलायची. पहिल्या आठवड्यात सकाळ, दुसऱ्यात दुपार, तिसऱ्यात रात्र. फुल्या प्रत्येक बदलाच्या पहिल्या दोन-तीन दिवसांवर. रात्रपाळी वाईट म्हणून बंद करून द्या, असं त्याच्या आईचं म्हणणं. त्याला स्वतःला रात्रपाळी चालत होती, पगारातही चार पैसे जास्त. मी चिठ्ठीत लिहिलं की या रुग्णाला कोणतीही एकच पाळी कायम द्यावी, रात्रीची असली तरी हरकत नाही. झोपण्याच्या खोलीला जाड पडदे लावा आणि सुट्टीच्या दिवशीही झोपेची वेळ फार हलवू नका, हे त्याच्या आईसाठी वेगळं लिहिलं. ऑफिसने दिवाळीपर्यंत ऐकलं. त्या काळात फुल्या निम्म्याहून कमी झाल्या. दिवाळीनंतर माणसं कमी पडली आणि पाळ्या पुन्हा फिरायला लागल्या. गेल्या आठवड्यात तो नवी चिठ्ठी मागायला आला, या वेळी इंग्रजीत आणि जरा कडक शब्दांत हवी म्हणाला. मी लिहून दिली.